शांततेचं ठिगळ

१

मुलाखत संपली की ती समोरच्यापुढे हात जोडायची आणि म्हणायची, "आता एक मिनिट कुणी बोलू नका. हलूही नका. मला तुमच्या खोलीची शांतता हवी आहे."

लोकांना हे खूळच वाटायचं. एका म्हाताऱ्या नावाड्याला वाटलं, कुणीतरी गेलं असावं. तो टोपी काढून उभाच राहिला. एका शाळेतल्या बाईंना हसू आवरेना आणि त्यांना हसताना पाहून आख्खा वर्ग खिदळायला लागला. मग ती समजावून सांगायची, की प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. कुठे पंखा घुमतो, कुठे पत्रा तडतडतो, कुठे भिंतीपलीकडे कुणी भांडी विसळत असतं. बोलण्यातलं एखादं वाक्य कापून काढलं तर तिथे भोक पडतं, आणि डोळ्याला न दिसणारं ते भोक कानाला बरोबर खुपतं. त्यावर त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावावं लागतं. मिनिट भरलं की ती "झालं" म्हणायची, आणि सगळे एकदम खोकायचे, खाजवायचे, श्वास सोडायचे.

नवरा म्हणायचा, "गावोगावची शांतता गोळा करतेस आणि घरात एक मिनिट गप्प बसत नाहीस."

खरंच होतं ते. काळजी करणं हा तिचा पूर्णवेळ धंदा, पत्रकारिता जोडधंदा. कुठल्याच कचेरीत तिला खुर्ची नव्हती. सरहद्दीकडच्या नद्या, तिथली खचणारी जमीन, तिथून उठवलेली, हुसकावलेली, इकडची की तिकडची हे कुणालाच ठरवता न आलेली माणसं, यांच्यावर ती लिहायची आणि पॉडकास्ट करायची. भिंगरी झाल्यापासून मात्र प्रत्येक दौऱ्याआधी ती पिशवी भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. भिंगरी म्हणजे तिची लेक, दोन वर्षांची. दिवसभर स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून हे नाव. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला भिंगरीचा एकच शब्द होता, "गिंगी." पंखा गिंगी, गाडीचं चाक गिंगी, चहात फिरणारा चमचाही गिंगी.

त्या खेपेला ती बंधाऱ्याकाठच्या वस्तीत गेली होती. नदीनं पात्र बदललं होतं. सरहद्द मात्र नकाशावर जिथल्या तिथेच होती. त्यामुळे काल जे अंगण होतं ते आज परदेश झालं होतं. वस्तीवर एक गंमत होती, हसावं की रडावं अशी. बंधाऱ्यावर चढलं की मोबाईल पलीकडचं नेटवर्क पकडायचा आणि मेसेज यायचा, 'आमच्या देशात आपले स्वागत आहे.'

"माणूस गेला तर गोळी," गाडीवाला म्हणाला, "आणि मोबाईलला या, बसा, चहा घ्या."

तिला भेटायचं होतं पोतीवालीला. बंधाऱ्यावर रचायच्या वाळूसाठी ही बाई तागाची पोती शिवायची, फाटलेल्यांना ठिगळं लावायची. पत्र्याची एकच खोली, तीही चहूबाजूंनी छतापर्यंत पोत्यांनी भरलेली. आत पाऊल टाकलं आणि तिच्या कानात दडे बसले. पोती सगळा आवाज पिऊन टाकत होती. दूर बंधाऱ्याआडचं पाणी उपसणारा पंप तेवढा ऐकू येत होता. धक्, धक्, धक्, आणि मग एक ठोका गिळल्यासारखा.

पोतीवालीनं शिवता शिवता सांगितलं. एका पहाटे गणवेशातली माणसं आली. कागद दाखव म्हणाली. नवरा कागद शोधायला लागला तर म्हणाली, राहू दे, गाडीत बस. मुलगा बापाच्या खांद्यावर झोपला होता, तो तसाच गेला. गाडीभर माणसं नदीच्या कोरड्या पट्ट्यात उतरवली आणि पलीकडे चालायला लावली. पलीकडचे म्हणतात, आमच्याकडे कुणी आलंच नाही. इकडचे म्हणतात, आम्ही कुणाला पाठवलंच नाही.

"झोपलेलं पोर होतं हो ताई," ती म्हणाली. "जागं असतं तर हाक तरी मारली असती."

मग ती मुलाबद्दल बोलत राहिली. झोप येईपर्यंत तो पोत्यावर नख ओढायचा. खर्, खर्. "मी ओरडायचे, शिवण उसवशील मेल्या. आता वाटतं, सगळी पोती उसवू दे."

शेवटी मिनिटभराची शांतता. पोतीवालीनं सुई पोत्यात टोचून ठेवली, हात मांडीवर घेतले आणि कोपऱ्यातल्या पोत्यांच्या ढिगाकडे बघत बसली. आणि अर्ध्यातच, ध्वनिमुद्रणाचं यंत्र धरून बसलेल्या तिच्या खिशातला फोन थरथरला. बंद करायचा राहिला होता! इतकी वर्षं काढली या कामात आणि ही शाळकरी चूक. नवऱ्याचा मेसेज होता, 'भिंगरीला ताप आहे. घाबरू नकोस.'

'घाबरू नकोस' हे शब्द ज्यानं शोधून काढले, त्याला मूल नसणार. तिनं यंत्र बंद केलं, पिशवी खांद्याला लावली, पोतीवालीचा हात घाईघाईनं दाबला आणि ती निघाली. गाडीत बसल्यावर मागे वळून पाहिलं तर उघड्या दारातून पोतीवाली दिसली. तशीच, हात मांडीवर, गप्प बसलेली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण 'झालं' म्हटलंच नाही.

२

ताप दातांचा निघाला. दुसऱ्या दिवशी भिंगरी पुन्हा गरगर फिरत होती आणि नवरा 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' या चेहऱ्यानं घरभर वावरत होता.

पॉडकास्टचा भाग पाठवायची वेळ डोक्यावर आली होती. बोलण्याच्या ओघात पोतीवालीनं मुलाचं घरातलं, लाडाचं नाव घेतलं होतं. ते काढणं भाग होतं. नावावरून बाई ओळखू आली तर उरलेलं घरही उठायचं. तिनं नाव कापलं. कापलं आणि भोक पडलं. "माझा" आणि "बापाच्या खांद्यावर" यांच्यामध्ये एक आंधळी फट.

त्यावर लावायला ठिगळ नव्हतं. पत्र्याच्या खोलीची जेमतेम अर्धी शांतता हाती होती आणि तीतही फोनची थरथर.

पण तिच्याकडे तशीच दुसरी खोली होती. भिंगरीची. घरातल्या सगळ्या रजया भिंतींना टांगून तिनं तिथे आपला स्टुडिओ केला होता. भर दुपारी, भिंगरी झोपली की, तिथेच पलंगाकडे पाठ करून ती निवेदन वाचायची. रजयांमुळे तिथेही आवाज तसाच पिऊन टाकला जायचा. आदल्या आठवड्यात घेतलेला तिथल्या शांततेचा एक तुकडा संगणकात पडून होता. लावून पाहिला तर हातासारखा हात! शिवण दिसेना.

कानात हेडफोन घट्ट दाबले, तेव्हा कळलं की त्या तुकड्यात अगदी खाली, पाण्याच्या तळाशी असावा तसा, एक श्वास आहे. झोपलेल्या भिंगरीचा.

हे बरोबर नाही, हे तिला ठाऊक होतं. एका खोलीची शांतता दुसऱ्या खोलीला लावायची नाही, हा तिचा स्वतःचा नियम. शिकाऊ पोरांना ती तावातावानं सांगायची, अरे, तेही खोटं बोलणंच आहे. पण ऐकतो कोण एवढं कान देऊन? चोरी थोडीच आहे, उसनवारी आहे. आणि तीही आपल्याच घरातून. तिनं भाग पाठवून दिला.

संपादकांचा फोन आला. "त्या बाईचा तो 'माझा' म्हणून थांबण्याचा क्षण! अंगावर काटा आला. कसं जमवतेस गं?"

"सवय," ती म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

३

पोतीवालीला तिनं भाग फोनवर पाठवला होता. ज्याचं दुःख मागून आणलं, त्याला ते परत दाखवायचं, हाही तिचा एक नियम. हा मात्र पाळलेला.

फोन आला तेव्हा ती भिंगरीला भरवत होती.

"ताई, ऐकलं मी," पोतीवाली म्हणाली. आवाज हलका होता, ओझं उतरवून ठेवल्यासारखा. "नाव काढलंत, बरं केलंत. पण जिथे नाव होतं तिथे तो आहे."

"कोण?"

"कोण काय? श्वास घेतोय. झोपलाय. तुम्ही आलात तेव्हा तो खोलीतच होता, ताई. मला नाही ऐकू आला, तुमच्या यंत्राला आला."

भरवायचा चमचा हवेतच राहिला. भिंगरीनं आ वासलेला.

सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं, 'ताई, तो तुमचा नाही, माझ्या मुलीचा श्वास आहे, माझी चूक झाली.' तिनं ते वाक्य मनात जुळवलं, त्यातला 'माझ्या मुलीचा' काढून पाहिला, परत घातला. पलीकडे ती बाई हसत होती. त्या खोलीत ती किती दिवसांनी हसली असेल? आणि सुशिक्षित, संवेदनशील वगैरे पत्रकारबाई तिला काय सांगणार? की ते ठिगळ आहे?

"हो का," ती म्हणाली. "काळजी घ्या, ताई."

फोन ठेवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. भिंगरीनं चमच्याकडे बोट केलं. तोंड हललं. "गिंगी" म्हणाली असावी. टीव्ही चालू होता, नीट ऐकू आलं नाही.

४

पहिल्यांदा खटकलं ते दुपारी.

भिंगरी झोपली होती. ती नेहमीसारखी पलंगाकडे पाठ करून बसली, निवेदनाचा कागद हातात घेतला आणि काहीतरी नसल्यासारखं वाटलं. फ्रिज अचानक बंद पडला की आधी तो चालू होता हे कळतं ना, तसं.

ती वळली. भिंगरीची छाती हलत होती. वर, खाली. नाकाशी बोट धरलं तर कोमट वारा लागला. पण आवाज नव्हता. तिनं कान पार नाकाला भिडवला. काहीच नाही. काचेपलीकडचं मूल बघावं तसं.

'कान चोंदलेत माझे,' तिनं स्वतःला बजावलं. पहिलटकरणीला वेड लागायला निमित्त लागत नाही, हे तिची आई म्हणायचीच. ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आत उजेड पाडून पाहिलं. "कान स्वच्छ आहेत. झोप कमी होते का?" दोन वर्षांचं मूल असलेल्या बाईला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे तिनं नुसतं बघितलं.

घरी येऊन तिनं यंत्र काढलं. यंत्राला झोप कमी होत नाही. दुपारी भिंगरीच्या उशाशी ते ठेवलं, दार लोटलं आणि बाहेर उभी राहिली. मिनिटभरानं आत जाऊन हेडफोन लावले.

श्वास नव्हता. मागची ती मऊ, रजईतली शांतताही नव्हती. दुसरीच होती. कोरडी, तागाच्या वासाची. शांततेला वास नसतो हे तिलाही माहीत होतं. पण तो होता. आणि खूप लांबून, धक्, धक्, धक्, आणि मग एक ठोका गिळल्यासारखा.

खिडकीबाहेर गल्ली होती, इस्त्रीवाला होता, उभ्या केलेल्या दुचाक्या होत्या. पंप कुठेच नव्हता.

तिनं ध्वनिफीत पुन्हा लावली. या वेळी अगदी शेवटाला, मिनिट संपता संपता, तिला आणखी काहीतरी ऐकू आलं. माइकच्या फार जवळ.

खर्, खर्.

५

"मुलं शब्द विसरतात," नवरा म्हणाला. "नवे शिकायला जागा करतात."

"सगळेच विसरतात? एकदम?"

भिंगरी बोलेनाशी झाली होती. हसताना तोंड उघडायची, खांदे हलायचे, पण आवाज नाही. पडली, गुडघा फुटला, चेहरा लालबुंद करून रडली, आणि घरात पिन पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आता नवराही पांढरा पडला होता. पण कुणीतरी एकानं न घाबरण्याचं काम करायचं असतं आणि लग्नापासून ते त्याच्याकडे होतं. मुलांच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, तपासण्या लिहून दिल्या, "सगळं ठीक दिसतंय, थांबून बघू" म्हणाले. थांबून काय बघायचं हे नाही सांगितलं.

ती भिंगरीला मांडीवर घेऊन पंख्याखाली बसली. "हे काय आहे? सांग ना. काय आहे हे?" भिंगरीनं वर पाहिलं. ओठांचा चंबू केला. शब्द नीट बनवला, ओळखू येईल असा. आईकडे बघून हसली, शाबासकीसाठी.

"शाब्बास," ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्याच दुपारी पोतीवालीचा फोन आला. मागे पंप चालू होता.

"ताई, एक विचारायचं होतं. आता नुसता श्वास नाही, बोलतंय. दुपारच्याला. कोपऱ्यातनं." ती जरा थांबली. "गिंगी म्हणजे काय हो? आमच्याकडे असा शब्द नाही."

६

ती निघाली. नवऱ्याला म्हणाली, पाठपुराव्याचं काम आहे. तो चिडला. "पोरगी अशी असताना?" "पोरगी अशी आहे म्हणूनच," ती म्हणाली आणि याहून जास्त सांगितलं तर तो आपल्यालाच डॉक्टरकडे नेईल, म्हणून गप्प बसली.

नदी जवळ आली होती. मागच्या वेळी चहाची टपरी होती तिथे आता पाणी चमकत होतं. बंधाऱ्यावर फोननं तिचं परदेशात स्वागत केलं.

पोतीवाली शिवत बसली होती. बाहेर टळटळीत ऊन आणि आत पोत्यांचा पिवळट अंधार. तिनं मान वर न करता म्हटलं, "बसा. पाणी मडक्यात आहे."

ती बसली नाही. गाडीत घोकून ठेवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. ठिगळ, रजया, दुपारची झोप, घाई. "तो तुमच्या मुलाचा श्वास नाही, ताई. माझ्या मुलीचा आहे. मी फसवलं तुम्हाला. पाया पडते तुमच्या, पण मला तो काढू द्या."

पोतीवालीनं दातानं दोरा तोडला.

"ठाऊक आहे मला."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्याचं नाक कायम भरलेलं. श्वासाला शिट्टी वाजायची. ही साफ श्वास घेते." तिनं पोतं उलटं केलं. "शिकलेल्या आहात म्हणून काय झालं? आईला कळत नाही होय?"

"मग तुम्ही... का?"

"माझाच म्हणून पाहिलं, बरं वाटलं. पण मी काही बोलावली नाही तिला. आली. खोलीत पोर असल्यावर कुणी हाकलतं का?" पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही 'झालं' म्हटलं नाहीत. मी बसून राहिले. हलू नका म्हणालात, म्हणून हलले नाही. दिवेलागणीपर्यंत."

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"ठिगळ लावताना एक ध्यानात ठेवायचं असतं, ताई. ते दोन्हीकडनं ओढतं. नव्या कापडाला जुनं ओढतं, जुन्याला नवं." पोतीवालीनं सुईनं कोपऱ्याकडे खूण केली. "ऐका."

ती ऐकू लागली. पंप. पत्र्याची तडतड. आणि मग कोपऱ्यातून, पोत्यांच्या ढिगाआडून, तिला रोज दुपारी पाठमोरी ऐकायची सवय असलेला, जगात दुसरा नसलेला तो श्वास. कूस बदलल्याचा हुंकार. झोपेत ओठ मिटल्याचा चट् आवाज.

"गिंगी," कोपरा म्हणाला. झोपेतच.

ती धावली. ढिगाआड कुणी नव्हतं. पोत्यांवर एक लहानसा खळगा होता, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या मुलाएवढा. तिनं तिथे तळवा टेकला. ताग ऊबदार होता. डोक्याच्या जागी किंचित ओला, घामेजलेल्या केसांखालची उशी असते तसा.

"तुमची इथे आहे," पाठीमागून पोतीवाली म्हणाली, "मग तुमच्याकडे कोण आहे?"

तिच्या हातातला फोन वाजला. नवरा.

"अगं, काही नाही, काळजी करू नकोस. भिंगरी मजेत आहे. फक्त एक सवय लागलीय तिला, रजईवर नखं ओढते. मघापासून चाललंय. ऐक." आणि त्यानं फोन तिकडे धरला असावा.

खर्, खर्. खर्, खर्.

पोतीवालीच्या हातातलं पोतं खाली पडलं. तिनं येऊन फोन घेतला, हिसकावून नव्हे, झोपलेलं मूल एकीकडून दुसरीकडे घ्यावं तसा दोन्ही हातांनी. कानाला लावला. तिचा चेहरा बघवेना. मग फोन तोंडाशी धरून तिनं नाव उच्चारलं. तेच, कापलेलं.

खरखर थांबली.

"कोण बोललं?" नवऱ्याचा आवाज आला. आता त्यात न घाबरण्याचं काम राहिलं नव्हतं. "अगं, भिंगरीचे दोन्ही हात माझ्या हातात आहेत. तरी चालूच होती खरखर, ती नव्हती करत. पाल असेल. पाल असेल ना?"

७

इथून पुढे तिनं जे केलं ते कुठलीही आई करेल. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

तिनं लॅपटॉप उघडला. पोतीवाली मधे आली नाही. फक्त म्हणाली, "जरा थांबा. थोडं बोलू द्या मला त्याच्याशी." आणि भिंगरीच्या आईनं मान हलवली, नाही. भिंगरीचं लालबुंद, आवाज नसलेलं रडणं तिच्या डोळ्यांपुढे होतं. तिनं ठिगळ निवडलं, उसवलं, जागा मोकळी सोडली. नवी फाईल चढवायला लावली. पलीकडच्या नेटवर्कवरून ती इंच इंच सरकत गेली. तेवढा वेळ पोतीवाली फोन कानाला लावून हळू आवाजात बोलत होती, घर सोडताना मुलाला सांगतात तसं. दंगा करू नकोस. त्यांच्या मुलीला त्रास देऊ नकोस. नाक पूस.

फाईल चढली.

"झालं," ती म्हणाली. सवयीनं.

कोपरा रिकामा झाला. ते ऐकू आलं, दिवा विझलेला दिसावा तसं. आणि त्याच क्षणी फोनमधून भिंगरी किंचाळली. घसा फोडून, घर डोक्यावर घेऊन, अगदी कर्कश, सुंदर. नवरा हसत होता की रडत होता कळत नव्हतं. ती हुंदके देऊन रडली.

भानावर आली तेव्हा पोतीवाली ढिगापाशी गुडघे टेकून बसली होती. हात खळग्यात.

"अजून ऊब आहे," ती म्हणाली. आणि मग, विचारावं तर लागणार म्हणून विचारल्यासारखं, "ताई, ठिगळ उसवून दार लावलंत तेव्हा माझा कुठल्या बाजूला होता?"

तिनं लॅपटॉप पिशवीत भरला. निघताना ती उंबऱ्यात अडखळली. मागच्या वेळी निरोप घेतला नव्हता, या वेळी घेताच आला नाही.

परतीच्या वाटेवर नवऱ्याचा फोन आला. भिंगरीचं तोंड बंद नव्हतं, गिंगी गिंगी गिंगी. "आणि एक नवा शब्द शिकलीय. काय म्हणते कळत नाही. कुणाला तरी हाक मारत घरभर फिरतेय. मारते, थांबते, आणि हसते, कुणी ओ दिल्यासारखी." त्यानं तो शब्द उच्चारून दाखवला.

ते नाव जगात तीन माणसांनाच माहीत होतं. एक बाप, तो पलीकडे. दुसरी आई. तिसरी ती स्वतः, जिनं ते कापलं होतं. पोतीवालीनं ते फोनवर एकदाच घेतलं होतं. एकदा ऐकून मुलं शिकतातही. गाडीत बसून तिनं या आधाराला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी झोपली. श्वास ऐकू येत होता, साफ. ती उंबऱ्यात उभी राहून तो पिऊन घेत होती. मग त्याच्या खालून दुसरा आला. बारीक शिट्टी वाजणारा.

पलंगावर, भिंतीच्या नव्हे, मोकळ्या बाजूला, रजईत एक खळगा होता.

किंचाळावं, भिंगरीला उचलून पळावं, असं सगळं तिला सुचलं. पण हातांनी विचारलं नाही. हात पुढे झाले आणि लोड उचलून त्यांनी त्या बाजूला, अगदी कडेला लावला. झोपेत पडू नये म्हणून.

तेवढ्यात फोन थरथरला. पोतीवाली. मागे पंप नव्हता. पाण्याचा आवाज होता, फार जवळ.

"ताई," ती म्हणाली, "माझा पोचला का?"

तिनं पलंगापाशी गुडघे टेकले आणि फोन रजईवर ठेवला, खळग्याच्या उशाशी.

पलीकडे बाई गप्प झाली. इकडे ती गप्प होती. खर्, खर्. खर्, खर्. हळूहळू, झोप येत चालल्यासारखं. मिनिट भरलं, ओसरून गेलं, आणि दोघींपैकी कुणीच 'झालं' म्हटलं नाही.